बेडूकगाडीवरचा बदली माणूस

१४ एप्रिल २०१६, गुरुवार

आलो एकदाचा! सकाळी मांजरसुंब्याला उतरलो, ढाब्यावर शेवभाजी आणि दोन भाकरी हाणल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी रामकिसनराव यांच्या जीपमधून युसूफ वडगाव मागे टाकून थेट तलावावर. तलाव म्हणायचं आपलं. मैलभर नुसती भेगाळलेली माती, आणि मधोमध जॅकवेल, म्हणजे पूर्वी जिच्यातून पाणी उपसायचे ती गोल दगडी विहीर, बुडापर्यंत उघडी पडलेली. काठावर पत्र्याची पंपशेड. शेडला लागून एक खोली, ती माझी. खाट आहे, स्टोव्ह आहे, पिंप आहे. पिंपात पाणी सहा दिवसांनी, टँकर आला तर.

आणि शेडमध्ये ती! चौतीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात मेंटेनन्सला काढली, रिटायर झाल्यावर जुन्या जीपा आणि मोटारसायकली जिवंत करायचा नाद लावून घेतला, पण असली वस्तू हाताला लागली नव्हती. सहा फुगीर चाकं, न्हाणीघरातल्या टबासारखं अंग, दार नाही, स्टिअरिंग नाही, नुसते दोन दांडे. डावा ओढला की डावीकडे वळणार, उजवा ओढला की उजवीकडे. जमिनीवर चालते, चिखलात चालते आणि पाण्यात घातली तर तरंगत चाकांनीच वल्हवत जाते. बहात्तरच्या दुष्काळानंतर परदेशातल्या कुठल्याशा मदत संस्थेने ती या उपसा सिंचन सोसायटीला दिली. जॅकवेलपर्यंत जायला-यायला वापरत. गावात तिला बेडूकगाडी म्हणतात. पंधरा मेला सोसायटीला पन्नास वर्षं होतायत, त्याआधी ती सुरू करून द्यायची. तलावात थेंब नसताना हिचं काय करणार, असं मी विचारलं, तर रामकिसनराव म्हणाले, सभासदांना पाण्याची आठवण तरी दाखवायला नको का. माणूस मिश्कील आहे. मला इथे सोडून लगेच मुंबईला मंत्रालयात खेपा घालायला गेलेत ते आता कार्यक्रमालाच उगवतील.

इथे सोबतीला राखणदार आश्रुबा. सत्तरीचा, काटकुळा, बोलायला कमी. शेडच्या भिंतीला काळा रंग फासून केलेला फळा आहे. वर रंगाने लिहिलंय, ‘चार्ज घेणारा ऑपरेटर’, आणि खाली खडूने नावं, एकाखाली एक. शेवटचं नाव मुंजाजी. आश्रुबाने खिशातून खडू काढून दारातूनच माझ्यापुढे धरला. म्हणाला, ‘नवा माणूस आला की नाव लिवायचं, मिस्तरी. सौंसायटीचा रिवाज हाय.’ मला गंमत वाटली. मीही कधी शिफ्टच्या वहीत सही केल्याशिवाय मशीनला हात लावला नाही. ऐटीत लिहिलं, अर्जुनराव. आश्रुबा बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिला आणि मग त्याने मला वाकून नमस्कार केला. वयाने मोठा माणूस, मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

मोबाईलला रेंज फक्त मागच्या टेकाडावर. तिथे चढून शिवकन्येशी बोललो. लेकीला नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेर म्हणजे आता मी एकटा. तारा जाऊन दोन वर्षं झाली. म्हणून मीच नाशिकला तिच्याकडे जायचं ठरलंय. दहा मेच्या आत पोहोचतो असा शब्द दिला. ती म्हणाली, आई नाही, निदान तुम्ही तरी वेळेवर या. येणार म्हणजे येणार. तोपर्यंत इथे हात चालत राहतील. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये सकाळी उठून कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या, एवढंच काम उरलं होतं.

१५ एप्रिल

आज ओळखपरेड. कंपनीची पाटी कुणीतरी उपटून नेलीय, रिव्हेटची चार भोकं तेवढी राहिलीत. मग एकेक खूण धरत गेलो. गाडीच्या अंगाचा एक टवका जाळून बघितला, मेणबत्तीचा वास आला, म्हणजे फायबर नाही, प्लास्टिक. वरचा आणि खालचा भाग कमरेच्या उंचीवर एकमेकांना जोडलाय, त्या सांध्याला बाहेरून रबराची पट्टी. इंजिन एका सिलिंडरचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. इंजिनकडून सहाही चाकांना साखळ्या. टेकाडावर बसून जगभरच्या माझ्यासारख्या नादिष्ट लोकांनी टाकलेले फोटो ताडून पाहिले. ऊन असं की मोबाईल हातात धरवेना.

दुपारी मागच्या आसाजवळ रॉकेलने घासल्यावर चार थर रंगाखालून नंबर निघाला. लहान मुलासारखा एकटाच ओरडलो. कॅनडातली आहे बाई, एकाहत्तर किंवा बाहत्तर सालची. ऐकायला कुणी नव्हतं. आश्रुबाला सांगायला बाहेर गेलो तर तो लिंबाखाली पाठ करून बसला होता. ऐकलं आणि मान हलवली. शेडच्या उंबऱ्याच्या आत तो पाऊल टाकत नाही, हे आज लक्षात आलं.

१८ एप्रिल

तीन दिवस नुसता गाळ काढतोय. टबात वीतभर वाळलेला चिखल, छिन्नीने फोडावा लागला. त्यात शिंपले निघाले. म्हणजे ही कधीतरी बुडाली असणार, आणि बरेच दिवस पाण्याखाली होती. पुढच्या हुकाला नायलॉनचा दोर अडकलाय. गाठ इतकी आवळलेली की दोन पक्कडींनी सुटेना. एखादं फार मोठं ओझं वर ओढलं गेलं तरच गाठ अशी बसते. शेवटी करवतीने कापली.

मागे तळाला बूच आहे. आत साठलेलं पाणी काढून टाकायला ते उघडायचं आणि पाण्यात उतरण्याआधी लावायचं. जुनं झिजलं होतं म्हणून केजला जाऊन लेथवर पितळेचं नवं करून घेतलं. दोन बेअरिंग, साखळीचे दुवे आणि चाकांच्या ट्यूबाही आणल्या. येताना अर्धा किलो जिलबी घेतली. चौघांना पुरेल एवढी घेतली, सवयीने. खाणारा मी एकटा.

२१ एप्रिल

काल चाकं बसली. या चाकांत हवा फक्त दोन पौंड भरतात, मोटारीला लागतात तीस. त्यामुळे नुसता माणूस बसला तरी अंग खाली येतं. म्हणून चारही कोपऱ्यांना जमिनीपासून उंची मोजून ठेवली, सगळीकडे बरोबर नऊ इंच. गाडी अगदी समतल.

सकाळी बघतो तर पुढे डावीकडे, जिथे चालवणारा बसतो, सव्वाआठ. हवा तपासली, दोन पौंडच. आणि टबात तळाला तांब्याभर पाणी. कुणी ओतलं म्हणावं, तर इथे माणसं अंघोळीचं पाणी गुरांना पाजतात, तांब्याभर सांडायला कुणाला परवडतंय? आश्रुबाला विचारलं. तो म्हणाला, ‘वास कसला येतुय?’ वेगळाच प्रश्न. मी हुंगून सांगितलं, शेवाळाचा. तो उठला आणि गावाकडे चालू लागला, चप्पल लिंबाखालीच विसरून.

२३ एप्रिल

काल शेडच्या खिडकीला आतून कडी, दाराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. सकाळी पुन्हा पाणी, आणि पुन्हा डावी बाजू सव्वाआठ.

मग स्वतः बसून पाहिलं, पण उजवीकडे, म्हणजे हिशेब स्वच्छ राहील. माझं वजन अडुसष्ट किलो. उजवी बाजू नवाची सव्वाआठ झाली. गाडी समतल झाली. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो, तीनदा मोजलं. म्हणजे डावीकडे आहे ते माझ्याएवढं आहे. माणसाएवढं.

हे लिहिताना हसू येतंय. उन्हाचा परिणाम असेल. ताक प्यायला हवं.

२५ एप्रिल

दोरी ओढून इंजिन सुरू करायचं, पहिल्या ओढीला नाही, अकराव्या ओढीला सुरू झालं! निळा धूर, फटफटाट, शेडचा पत्रा थरथरला. आणि मी वळून डाव्या सीटकडे बघत म्हणालो, ‘काय, जमलं की नाही?’ सहज म्हणून गेलो.

आता खरं ते लिहितो, इथे वाचायला कोण येतंय. रोज पाणी निघतंय, रोज ते वजन तिथे आहे, आणि मला भीती वाटायला हवी होती. तशी वाटत नाही. आज सकाळी दोन कप चहा टाकला, एक त्या बाजूला ठेवला. ताराला जाऊन दोन वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदाच दोन कप. साखळी ताणताना मी मोठ्याने बोलतो. स्पॅनरचा नंबर सांगतो, चिंचवडच्या साहेबांची नक्कल करतो. कुणीतरी बसून ऐकतंय असं वाटतं. चांगलं वाटतं.

संध्याकाळी बरोबर सहा वाजता ते वजन किंचित हलतं. उठायला बघावं आणि पुन्हा बसावं, तसं.

२७ एप्रिल

चतुराबाई म्हणून एक शेळ्यावाली बाई दुपारी लिंबाखाली टेकते. आज पाणी मागायला शेडच्या दारात आली आणि फळा बघून तिथेच थबकली. तिला अक्षरं येत नाहीत, पण मुंजाजीच्या खाली एक ओळ वाढलीय हे तिला कळलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘ह्ये कोनी लिवलं? कशापायी लिवलं?’

मग तिने सांगितलं ते असं. मुंजाजी म्हणजे तिचा चुलत दीर, सोसायटीचा ऑपरेटर. सकाळी सहाला एकाने चार्ज घ्यायचा, संध्याकाळी सहाला दुसऱ्याने. बदली माणूस येऊन फळ्यावर नाव लिहीपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही, मग जग बुडो. कारण एकदा असाच कुणी आधी निघून गेला होता, पंप जळाले आणि सगळ्या सभासदांची पिकं वाळली. तेव्हापासून देवापुढे शपथ घालून हा नियम केला. त्र्याऐंशी साली दोन कोरड्या वर्षांनंतर एका दिवसात वरची धरणं भरली आणि तलावाला लोंढा आला. मुंजाजी जॅकवेलपाशी बेडूकगाडी आखूड दोराने बांधून बसला होता. दोर सोडला असता तर तरंगत काठाला आला असता. पण आधी सहा वाजायचे होते, आणि सहा वाजून गेले तरी बदली आला नव्हता. पाणी चढत गेलं, दोर तेवढाच राहिला. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा तो सीटवर बसलेलाच होता, दोन्ही हात दांड्यांवर. बोटं एकेक करून सोडवावी लागली. गाडी पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर निघाली, आणि त्यानंतर चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही.

बदली कोण होता, विचारलं. चतुराबाईने लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. आश्रुबा.

२८ एप्रिल

आश्रुबाला गाठला. मी भांडायलाच गेलो होतो, पण तो भांडलाच नाही. म्हणाला, ‘मांजरसुंब्याला गेलतो, मिस्तरी. ढाब्यावर जेवत बसलतो. आभाळ बघितलं अन् भ्यालो. म्हनलं, त्यो येईल की निगून.’ तेहतीस वर्षं तो रोज संध्याकाळी सहाला इथे येतो आणि उंबऱ्यापाशी उभा राहून परत जातो. आत जाऊन नाव लिहायचं धाडस झालं नाही. मग मी आलो. बाहेरगावचा, एकटा, मागे-पुढे कुणी नसल्यासारखा दिसणारा. ‘तुमाला कोन इचारनार हाय, असं वाटलं,’ म्हणाला.

मी त्याला सांगितलं की मला लेक आहे. तिच्या पोटात बाळ आहे. दहा तारखेच्या आत मला जायचंय. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

माझं नाव ओल्या फडक्याने पुसून टाकलं. साफ.

२९ एप्रिल

नाव आहे. माझ्याच अक्षरात, माझ्याच ‘र्ज’च्या तिरक्या वळणासह. छिन्नीने माझ्या नावापुरता गिलावा काढला. दुपारी खालच्या विटेवर नाव होतं.

मशीन समजतं मला. बेअरिंग आवाज करतं त्याला कारण असतं. याला कारण नाही, म्हणून माझा हात चालत नाही. काम राहू दे. परवा निघतो. पंधरा मे गेली खड्ड्यात.

१ मे

आज निघालो. पिशवी भरली, डाव्या सीटकडे न बघता कुलूप लावलं. मांजरसुंब्याला पावणेसहाला नाशिकची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. मनात शिवकन्येच्या घराचा जिना चढत होतो.

सहा वाजता बुटांत पाणी आलं. गार, शेवाळाचा वास असलेलं. मोज्यांतून वर, नडग्यांपर्यंत, आणि सीटखालून वाहत पुढे. शेजारचा माणूस पाय वर घेऊन ओरडला. कंडक्टरला वाटलं माझा कॅन फुटला. दुष्काळात पाणी सांडतो म्हणून माणसं चिडून बोलायला लागली. पाणी गुडघ्यावर आलं. गाडी जितकी पुढे तितकं वर. मांडीपर्यंत आलं तेव्हा मी ओरडून गाडी थांबवली आणि उतरलो.

उलटा चालायला लागलो, तसं ते उतरत गेलं. एका ट्रकवाल्याने सोडलं. शेडपाशी आलो तेव्हा पाय कोरडे. कुलूप उघडलं आणि काय करतोय हे कळायच्या आत मी डाव्या सीटवर बसलो होतो.

२ मे

सकाळी उतरून उंची मोजली. चारही कोपऱ्यांना नऊ इंच. डावीकडचं वजन गेलंय. फळ्यावर मुंजाजीचं नाव नाही. नुसती पांढुरकी पुसट जागा.

त्याला बदली मिळाला. नाव आधीच लिहिलं होतं, जागा काल घेतली. तेहतीस वर्षांनी घरी गेला बिचारा. त्याच्यासाठी बरं वाटलं आणि मग मी रडलो, कारण आता शेडमध्ये खरंच कुणी नाही. चहा एकच कप टाकला.

३ मे

नियम कळला. सीटवर बसलो तर पाणी घोट्याला. शेडबाहेर गेलो तर चढत जातं. टेकाडापर्यंत गेलो, कमरेपर्यंत आलं, तरी गेलो. फोन लागला. शिवकन्या काळजीत. आवाज का कापतोय, म्हणाली. येतो म्हणालो. ती म्हणाली, पोटात बाळ फार हलतंय, तुमचा आवाज ऐकला की थांबतं. मी बराच वेळ काहीबाही बोलत राहिलो. पाणी छातीला आलं, मग ठेवला.

संध्याकाळचे सहा. बदली नाही. सीटवरचं पाणी घोट्यावरून वीतभर वर चढलं. बूच उघडं आहे. पितळेचं बूच माझ्या हातात आहे आणि भोकातून थेंबही बाहेर जात नाही.

५ मे

गुडघ्यांच्या वर. रोज सहाला एक वीत.

काल कसाबसा टेकाडावर पोहोचलो तेव्हा शिवकन्येने सांगितलं की जावई, गहिनीनाथराव, सात तारखेला रात्री जीप घेऊन निघतील, आठला सकाळी मला न्यायला इथे असतील. नको म्हणालो. ओरडून नको म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही बरे नाही आहात, बाबा, मला कळतंय. पाणी गळ्याशी आलं होतं. पुढचं बोलता आलं नाही. आता टेकाडापर्यंत जाता येणार नाही.

चतुराबाई शेळ्या घेऊन चारा छावणीकडे गेली. इथे कुणी फिरकत नाही.

६ मे

आश्रुबा आला. उंबऱ्यात बसला. बसमधल्या लोकांना नुसतं सांडलेलं दिसलं होतं; त्यालाही चढलेलं पाणी दिसत नाही, माझं ओलं धोतर दिसतं. म्हणाला, ‘दुसरं कुनी नाव लिवलं की तुमी सुटाल. तुमचं पाव्हनं येनार हायत न्हवं?’ टेकाडावरचं माझं ओरडणं त्याने ऐकलं असणार. हातातला पाना फेकून मारला त्याला. मारला खरा. कपाळाला लागला.

मग मी हात जोडले. म्हणालो, तुझी पाळी आहे आश्रुबा. तेहतीस वर्षं तुझीच आहे. मग रक्त पुसत म्हणाला, उद्या सहाला येतो. स्वतः लिहितो. ‘लई झालं मिस्तरी. आता भ्यायचं काय राह्यलं हाय.’

विश्वास ठेवला. दुसरं काय करणार?

७ मे

पाणी कमरेला. सकाळपासून सहाची वाट.

साडेपाच. फळा दिसतोय. खडू उंबऱ्यावर ठेवलाय, मीच सांगितलं होतं ठेव म्हणून.

सहा.

सहा वाजून दहा. मुंजाजीला असंच — घड्याळाकडे बघत —

साडेसहा. आला नाही. पुन्हा आला नाही. छातीपर्यंत. वही डोक्यावर धरून —

८ मे

गळ्याशी आहे. आता सहाची वाट न बघता चढतंय. झोप नाही. हात दांड्यांवर जातात आपोआप, एक हात सोडवून लिहितोय.

गहिनीनाथराव चांगला पोरगा आहे. लग्नात मी त्याचे पाय धुताना रडला होता. वाकून नमस्कार करतो. कुणी वडीलधारा म्हणाला, ही इथली रीत आहे, तर तो विचारणार नाही — नाव लिहील —

जीप. जीप थांबली. दार वाजलं.

आश्रुबा बोलतोय. आला होता म्हणजे. इथेच होता कुठेतरी. ‘पाव्हनं, आत जायच्या आदी —’ त्याचा आवाज रडका आहे. माझ्यासाठी करतोय हे. मला सोडवायला.

मी गप्प राहिलो तर सुटेन. आज रात्री नाशिकला. शिवकन्या दार उघडेल. बाळ —

बाळाला बाप हवा. मी हे लिहिलं तरी कसं. गप्प राहायचं मनात तरी आलं कसं माझ्या —

ओरडतोय. तोंडात पाणी. आवाज येत नाही. त्यांना दिसत नाही पाणी, त्यांना वाटेल म्हातारा नुसता तोंड उघडून —

हसतायत. बाबा म्हणून हाक मारली. फळ्याकडे वळले.

वही फेकतो. त्यांच्या पायाशी पडेल. हे पान उघडं पडू दे, ताराबाई, एवढं कर —

गहिनीनाथराव, खडू हातात घेऊ न